फडक्याचा कौल

विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर समुद्र आहे. दुसऱ्या पानावरही समुद्रच आहे, फक्त त्याच्यापुढे दात दाखवणारे चार विद्यार्थी उभे केले आहेत. तिसऱ्या पानापासून सोयीसुविधा सुरू होतात आणि तिथून लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती जी सुटली आहे ती शेवटच्या पानापर्यंत कुणाच्या हाती लागलेली नाही. 'शांतता कक्ष' आहे. तो जनरेटरच्या भिंतीला भिंत लावून आहे. विद्यार्थी सेवा भवनाला समुद्राकडे तोंड करून काचेचं भव्य प्रवेशद्वार आहे. त्याच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच वर्षी गंजून बसल्या, त्यामुळे सगळे जण मागून, उपाहारगृहाच्या कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून आत जातात. कुलगुरूसुद्धा.

याच माहितीपत्रकात अकराव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, 'किनारा स्नानगृह (मुली)' अशी एक ओळ आहे. त्या एका ओळीत मावशी एकोणीस वर्षं काम करत होत्या.

किनारा स्नानगृह म्हणजे वाळूकडच्या फाटकाला लागून असलेली बसकी, लांबट इमारत. होड्या वल्हवणाऱ्या मुली, पोहायला जाणाऱ्या मुली आणि सागरी जीवशास्त्राच्या, ज्यांना अभ्यास म्हणून गुडघाभर चिखलातून शिंपले वेचायला लावतात त्या मुली, अशा सगळ्या अंगावर समुद्र घेऊन येतात आणि इथल्या फरशीवर सोडून जातात. आठ न्हाण्या, सहा संडास, कपडे बदलायला एक लांब बाक आणि कडेने काळा पडत चाललेला आरसा. सकाळी सहा ते दोन मावशींची पाळी. दोन ते आठ त्यांच्या नणंदेची.

होय, सख्ख्या नणंदेची. अकरा वर्षांपूर्वी नणंदबाईंचे यजमान गेले, एकुलता एक मुलगा बायकोला घेऊन लांबच्या शहरात राहायला गेला, तेव्हा मावशींनीच मुकादमाच्या विनवण्या करून त्यांना इथे चिकटवून घेतलं होतं. हे उपकार मावशी कधी बोलून दाखवत नसत. आठवड्यातून फार तर दोनदा.

दोघींच्या कामाची तऱ्हा मात्र अगदी वेगळी. मावशींचं सगळं नियमाने. कुठलं औषध कुठल्या बादलीत, कुठला कुंचा कुठल्या खुंटीला, हे ठरलेलं. नळ बिघडला तर त्याला हात लावायचा नाही, कारण सफाई कामगाराने नळाला हात लावायचा नाही असा फलकच आहे. तक्रार मोबाइलवरच्या ॲपमध्ये टाकायची आणि ॲपने 'निराकरण झाले' म्हटलं की निराकरण झालं असं मानायचं. नणंदबाईंचं काम हाताला येईल तसं. नळ अडला की ठोका, दार अडलं की लाथ. मावशींच्या मते हा अडाणीपणा होता.

"माझ्या पाळीत घाणच होत नाही," त्या घरी नवऱ्याला सांगत. "चार-सहा पोरी येतात, मुकाट्याने आवरतात, जातात. वचकच तसा आहे माझा. दुपारी वन्सं काय गोंधळ घालतात देव जाणे. सकाळी येऊन बघावं तर फरशीवर निम्मा किनारा."

नवरा बसच्या आगारातून निवृत्त झालेला. बायको आणि बहीण यांच्या मधोमध तीस वर्षं काढून माणूस जेवढा शहाणा होतो तेवढा झालेला. तो वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरत असे.

मग यंत्र आलं.

समाधान मोजल्याशिवाय वाढवता येत नाही, असा शोध विद्यार्थी सेवा संचालकांना एका परिषदेत लागला होता. परिषद डोंगरावर होती, कारण समुद्राचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. परत आल्यावर त्यांनी स्नानगृहाच्या दाराशी, कमरेइतक्या उंच खांबावर एक यंत्र बसवून घेतलं. त्यावर चार चेहरे. डाव्या टोकाला लाल, रडका. मग नारिंगी, रुसलेला. मग पोपटी, ठीकठाक. उजव्या टोकाला हिरवा, हसरा. बाहेर पडताना आपल्या मनाला येईल तो चेहरा बोटाने दाबायचा. ज्याची नोंद झाली त्याच्या डोक्यावर बारीकसा दिवा लुकलुकायचा. घाईत दोन-तीन चेहरे दाबले गेले तर शेवटचा धरायचा, अशीही हुशारी त्यात भरलेली होती.

कल्पना उदात्तच होती. फक्त स्नानगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलीच्या एका हातात ओला टॉवेल असतो, दुसऱ्या हातात चपला, काखेत वल्हं आणि दातांत केसांचा चिमटा, हे परिषदेत कुणाला ठाऊक नसावं.

यंत्राची एक खोड निघाली. खाऱ्या हवेने त्याच्यावर तासाभरात पांढरा थर धरायचा आणि ते तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसायचं. संचालकांनी हुकूम काढला: दर तासाला यंत्र पुसून चकचकीत ठेवावे. दोघींनी तो अक्षरशः पाळला. मावशी सकाळी पुसत, नणंदबाई दुपारी पुसत, आणि तीन महिने कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तीन महिन्यांनी आकडे आले. सकाळच्या पाळीत सहाशेच्या वर नोंदी, समाधान सत्त्याण्णव टक्के. दुपारच्या पाळीत समाधान चार टक्के.

संचालक हादरले. एकाच इमारतीत, एकाच आरशासमोर, दोनच्या आधी मुली आनंदाने बागडतात आणि दोननंतर त्यांना जगणं नकोसं होतं, याचा अर्थ लावायला बाहेरून एक सल्लागार आणला. तो गळ्यात ओळखपत्र घालून आठवडाभर वातानुकूलित खोलीत बसला आणि त्याने चाळीस पानांचा अहवाल दिला. स्नानगृहात तो एकदाही आला नाही. मुलींचं असल्यामुळे ते बरोबरही दिसलं नसतं. अहवालात म्हटलं होतं की दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे झुकल्याने विद्यार्थिनींची मनःस्थिती खालावते, सबब त्यांना दिलासा देणारे ध्वनी ऐकवावेत. त्याप्रमाणे छताला दोन कर्णे लावले आणि त्यांतून दुपारभर समुद्राच्या लाटांचा आवाज सोडला. खरा समुद्र तिथून शंभर पावलांवर होता आणि तोही तोच आवाज करत होता, पण त्याची निविदा निघाली नव्हती.

लाटा ऐकवूनही चार टक्क्यांचे तीन झाले. तेव्हा सल्लागाराने अहवालाला पुरवणी जोडली: दोष सूर्याचा नसून कर्मचाऱ्याचा असावा.

मावशींचा मात्र सभागृहात सत्कार झाला. कुलगुरूंच्या हस्ते प्रमाणपत्र. 'सर्वोत्तम सेवा' असं त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं. एकोणीस वर्षांत विद्यापीठाने त्यांच्या नावाने काढलेला हा पहिलाच कागद होता ज्यात 'यापुढे असे घडल्यास' हे शब्द नव्हते. टाळ्या पडल्या. मावशी रडल्या नाहीत, पण खुर्चीवर परत येताना त्यांना पायरी दिसली नाही. सहाशे पोरींनी, न सांगता, न विचारता, हिरवं बोट लावलं होतं त्यांना! ओरडणाऱ्या माणसाची किंमत पोरींना कळते तर, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्यानंतर पंधराच दिवसांत परिपत्रक आलं. किनारा स्नानगृहाला एक कायम पद मंजूर झालं होतं. एकच. दुसरीचं कंत्राट महिनाअखेरीस संपणार होतं आणि पुन्हा होणार नव्हतं. कोण राहणार हे सांगायची गरज नव्हती, तरी नणंदबाईंना पत्र आलं: 'आपल्या पाळीतील विद्यार्थिनींची तीव्र नाराजी लक्षात घेता...'

ते पत्र हातात धरून नणंदबाई संध्याकाळी भावाच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, खरं सांग. मी इतकं वाईट काम करते का गं?"

मावशी भांडी विसळत होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अशी संधी तीस वर्षांत पहिल्यांदा चालून आली होती. "आता वन्सं, मी काय सांगणार? काम मन लावून करावं लागतं. नुसतं ठोकाठोकी करून कसं चालेल?"

"मुलाकडे जायची नाही मी," नणंदबाई म्हणाल्या. "गेले होते ना गेल्या वर्षी महिनाभर. पंखा लावायचा तर विचारून, टीव्हीचा आवाज वाढवायचा तर विचारून. सून वाईट नाही, पण घर तिचं आहे. इथे निदान किल्ली माझ्या हातात असते." एवढं बोलून त्या भावाकडे बघायला लागल्या. भावाने वर्तमानपत्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि उलटं धरलं.

दुसऱ्या दिवशी नणंदबाई दोनला दहा कमी असतानाच कामावर आल्या. मावशी ॲप्रन घडी करत होत्या. दोनच्या ठोक्याला त्या निघत आणि मागे वळून बघत नसत, तो त्यांचा नियम होता.

"थांब जरा वहिनी. मी काम करते, तू बघ. कुठे चुकतं ते सांग. अजून वीस दिवस आहेत. सुधारले तर सुधारले."

अशी गळ घातल्यावर मावशींना थांबणं भाग पडलं. शिवाय नणंदेच्या चुका काढायचं निमंत्रण नणंदेनेच द्यावं, असं भाग्य किती भावजयींच्या वाट्याला येतं? त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नणंदबाईंनी फडकं भिजवलं, पिळलं आणि आधी यंत्र पुसायला घेतलं. नणंदबाई डावखुऱ्या. फडकं डाव्या हातात, सुरुवात उजव्या टोकापासून, आणि हात सपकन डावीकडे. हिरवा, पोपटी, नारिंगी, लाल. फडकं उचललं आणि लाल, रडक्या चेहऱ्याच्या डोक्यावर बारीकसा दिवा लुकलुकला.

मावशी बघतच राहिल्या.

"झालं ना नीट?" नणंदबाईंनी विचारलं. त्यांची नजर खांबावर डाग राहिलाय का तिकडे होती. दिव्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"बघू, मला द्या," म्हणून मावशींनी फडकं घेतलं. उजव्या हाताने, डावीकडून उजवीकडे, एकोणीस वर्षं जसं पुसत आल्या तसंच. लाल, नारिंगी, पोपटी, हिरवा. हिरव्या चेहऱ्यावर दिवा लुकलुकला.

मावशींनी फडकं नणंदेच्या हातात परत दिलं.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "ठीक आहे तुमचं." आणि दोन वाजायच्या आतच, म्हणजे एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वेळेआधी, त्या निघून गेल्या.

रात्रभर त्या स्वतःशी वकिली करत होत्या. फडकं सहाशे वेळा हिरव्यावर थांबलं असेल, पण काही बोटं खरी असतीलच की. निदान शंभर. निदान पन्नास. सकाळी त्यांनी ठरवलं, आज यंत्राला फडकं लावायचंच नाही. सहापासून त्या मोरी घासता घासता एक डोळा दाराशी ठेवून होत्या. सहा मुली आल्या. सहाही जणी भराभर आवरून, कुडकुडत, खाली मान घालून निघून गेल्या. यंत्राकडे एकीनेही पाहिलं नाही. बारापर्यंत यंत्रावर पांढऱ्या थरावर थर चढले आणि चारही चेहरे एकसारखे दिसायला लागले. एकही दिवा लागला नाही.

म्हणजे सहाशेच्या सहाशे फडक्याचे होते. सभागृहातल्या टाळ्याही फडक्याच्या. एवढं सगळं झाल्यावर मावशींना राग यायला हवा होता तो संचालकांचा, यंत्राचा, नाहीतर त्या लाटा ऐकवणाऱ्या दीडशहाण्याचा. पण त्यांना लाजच वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त वाईट वाटलं. कुणीतरी आपल्याला चांगलं म्हटलं असं समजून त्या तीन आठवडे ताठ मानेने चालल्या होत्या.

तरी त्या दोन दिवस मूग गिळून बसल्या. उगाच का सांगायचं? पद मिळणार होतं, कायमचं, म्हातारपणाची सोय. नणंदेचं काय, तिला मुलगा आहे. मुलगा आहे, हे वाक्य त्यांनी मनात इतक्यांदा म्हटलं की शेवटी ते म्हणायचाच त्यांना कंटाळा आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता दोघींना विद्यार्थी सेवा भवनात बोलावलं. मावशींना कायम पदाच्या कागदावर सही करायला, नणंदबाईंना निरोपाचं पत्र घ्यायला. विद्यापीठाला एका फेरीत दोन कामं उरकायची होती. समिती तिघांची: संचालक, सल्लागार आणि आस्थापना विभागातला एक कारकून, ज्याच्याकडे शिक्का होता. समिती एकला बसायची होती, म्हणून दीडला बसली. संचालकांनी कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं, एवढा मान.

मावशींनी पेन घेतलं नाही.

"साहेब, ते आकडे खोटे आहेत. पोरी बटणं दाबतच नाहीत. आम्ही पुसतो तेव्हा ती दाबली जातात. माझा हात उजवा, म्हणून हिरवं. वन्संचा हात डावा, म्हणून लाल."

नणंदबाईंनी मान वळवून भावजयीकडे पाहिलं. सल्लागार हसला. अडाणी माणसाने विज्ञानात तोंड घातलं की शिकलेला माणूस जसा प्रेमाने हसतो तसा. मग मावशी म्हणाल्या, "चला, दाखवते," आणि समितीला उठावं लागलं. कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून पाचही जण किनारा स्नानगृहापाशी गेले.

यंत्रासमोर मावशींनी फडकं संचालकांच्या हातात दिलं. संचालकांनी ते दोन बोटांत धरलं. डावीकडून उजवीकडे पुसलं, हिरवा दिवा. उजवीकडून डावीकडे पुसलं, लाल दिवा. त्यांनी आणखी दोनदा पुसून पाहिलं. सल्लागाराने पुसलं. कारकुनाने पुसलं. तीन मोठी माणसं आळीपाळीने यंत्र पुसत होती, आणि त्या पाच मिनिटांत विद्यार्थिनींचं समाधान तीनदा शिखरावर जाऊन तीनदा खड्ड्यात पडलं.

शेवटी संचालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे यंत्र चालतंय."

"उत्तम चालतंय," सल्लागार म्हणाला. "फक्त पुसण्यात एकवाक्यता नाही. डावीकडून उजवीकडे पुसण्याचं एक प्रशिक्षण ठेवता येईल. मावशीच घेतील. डावखुऱ्या कर्मचाऱ्यांबाबत मात्र धोरण ठरवावं लागेल."

"अहो, पण पोरींना काय वाटतं ते राहिलंच की!" मावशींचा आवाज चढला. "त्यांना विचारा ना कुणीतरी!"

समितीने एकमेकांकडे पाहिलं. विद्यार्थिनींना थेट विचारण्याचा प्रकार कुठल्याच परिषदेत निघाला नव्हता. पण तेवढ्यात वाळूकडच्या फाटकातून एक मुलगी येत होती, काखेत वल्हं, हातात चपला, आणि मावशींनी तिला हाक मारली. ती दचकून जागीच थांबली.

"मी पाय झटकलेत मावशी," ती आधीच म्हणाली.

"तसं नाही. हे साहेब विचारतायत ते सांग. आमच्या दोघींत काम कुणाचं चांगलं? सकाळी की दुपारी? न घाबरता बोल."

मावशींना उत्तर ठाऊक होतं. यंत्र खोटं असलं म्हणून त्यांचं घासणं काही खोटं नव्हतं. पद न्याय्य रीतीने मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं. मुलगी चुळबुळली. तिने एकदा संचालकांकडे पाहिलं, एकदा मावशींकडे.

"बोल गं!"

"सकाळी... सकाळी स्वच्छ असतं. खूप स्वच्छ असतं," मुलगी म्हणाली. "पण आम्ही सकाळी येत नाही. म्हणजे फारच अडलं तर येतो. सकाळी पाणी बर्फासारखं असतं. मावशींना सांगितलं तर त्या म्हणतात, पाणी गरम आहे, ॲपवर लिहिलंय."

 ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मावशींनी तक्रार टाकली होती, ॲपने 'निराकरण झाले' म्हटलं होतं, आणि मावशींनी ते मानलं होतं.

"दुपारी या मावशी आल्या आल्या मागे जाऊन तो गरम पाण्याचा कॉक लोखंडी नळीने ठोकून उघडतात," मुलगी आता सुटलीच होती. "रात्री जाताना बंद करावा लागतो ना, तो रोज अडकतो. आणि वाळू आली तरी ओरडत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्या सकाळचा सराव करून ओल्या कपड्यांनी तासाला बसतो आणि दोननंतर येतो. पहिल्या वर्षाच्या मुलींना आम्हीच सांगतो, सकाळी जाऊ नका म्हणून." मग तिला आपण काय बोललो ते उमगलं. "सॉरी मावशी," म्हणून ती वल्हं सावरत जवळजवळ पळालीच.

मावशींचा चेहरा उतरला. चार-सहा पोरी, मुकाट्याने आवरतात, जातात. एकोणीस वर्षं त्या याला वचक म्हणत होत्या.

नणंदबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, मला वाटलं तूही कॉक उघडतेस आणि निघताना बंद करतेस."

"सफाई कामगाराने कॉकला हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या. ते वाक्य तोंडातून पडल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं.

संचालकांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. "हे पाहा," ते म्हणाले, "ही झाली एका मुलीची हकीकत. आमच्याकडे सहाशे नोंदी आहेत. अहवाल छापून झालाय, कुलगुरूंची सही झालीय. एका मुलीच्या सांगण्यावरून आपण आकडे बदलायला लागलो तर विद्यापीठ चालायचं कसं? मावशी, तुम्ही वर चला आणि सही करा. पद तुमचंच आहे."

"ते सहाशे माझ्या फडक्याचे आहेत, साहेब."

"असतील. पण ते सहाशे आहेत."

"मग फडक्यालाच द्या ना पद!" मावशी म्हणाल्या, आणि ते ओलं फडकं त्यांनी संचालकांच्या हातात परत ठेवलं. या वेळी संचालकांना ते दोन बोटांत धरता आलं नाही.

पुढची भानगड कारकुनावर आली. निवड झालेल्याने लेखी नकार दिला तर यादीतल्या पुढच्या माणसाला पद जातं, असा नियम होता, आणि यादीत दोनच माणसं होती. पण नकाराचा नमुना विद्यापीठात छापलेलाच नव्हता. कायम पदाला नाही म्हणणारं माणूस विद्यापीठाच्या जन्मापासून कुणी पाहिलं नव्हतं. कारकुनाने तीन कपाटं धुंडाळली, कुणाला तरी फोन केला आणि शेवटी एक कोरा कागद पुढे केला.

"कारण लिहावं लागेल," तो म्हणाला. "प्रकृती, स्थलांतर, कौटुंबिक अडचण, असं काहीतरी लिहा. म्हणजे कुणी विचारत नाही."

मावशींनी कागद पुढे ओढला. घरी नवऱ्याची निवृत्तीची मिळकत होती, पोटाला चिमटा बसणार नव्हता. सुटणार होतं ते काम. पहाटे साडेपाचला उठून कुठे जायचं, हा प्रश्न महिनाअखेरीपासून त्यांच्या समोर रोज येऊन बसणार होता. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर जाड, ओळ वाकडी. 'पोरी दुपारी येतात.' खाली सही.

कारकुनाने वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

त्याने शिक्का मारला.

बाहेर नणंदबाई डब्यांपाशी उभ्या होत्या, डोळे लाल, पण आवाज मात्र भांडणाचा. "कशाला केलंस असं? उपकार करायची हौस भारी तुला. आता जन्मभर ऐकवशील."

"ऐकवणारच," मावशी म्हणाल्या. "पण हा उपकार नाही, वन्सं. उपकार असता तर मला बरं वाटलं असतं."

 दोघी किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्या. तीन वाजत आले होते. नणंदबाई पायात पाय अडकतील इतक्या भरभर चालत होत्या, कारण स्नानगृहाला एक वाजता घातलेलं कुलूप अजून तसंच होतं. मावशी मागून चालल्या होत्या. आपण घरी न जाता इकडे का निघालो, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्या कामाच्या जागी या वेळेला त्या कधी आल्याच नव्हत्या.

वळणावरून दार दिसलं आणि त्या थबकल्या. दारापासून फाटकापर्यंत मुलींची रांग लागली होती. तीस तरी असतील. खांद्यावर टॉवेल, पायांना चिखल, हातांत शिंपल्यांच्या बादल्या, आणि सगळ्या जणी एकदम बोलत होत्या. एकोणीस वर्षांत मावशींनी इतका आवाज त्या इमारतीपाशी ऐकला नव्हता.

"मावशी आल्या! मावशी आल्या!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या माना वळल्या.

"आले गं," असं म्हणायला मावशींचं तोंड उघडलंही होतं. पण मुली त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे धावल्या आणि नणंदबाईंभोवती गोळा झाल्या. एकीने त्यांच्या हातातून किल्ल्या घेतल्या, दुसरी उशीर का झाला म्हणून लाडाने भांडायला लागली. मावशी वाटेत उभ्या होत्या. मागून आणखी दोघी बादली घेऊन येत होत्या, त्यांना जाता यावं म्हणून त्या बाजूला सरकल्या.